बेकरीवाल्यांची शिंक

"या महिन्यानंतर मी बेकरीत येणार नाही," असं थोरलीने जेवताना जाहीर केलं, त्याला आता आठवडा होत आला होता, आणि तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सोयीचं कारण शोधून काढलं होतं. धाकट्या दिराला खात्री होती की वहिनींना वाटण्या हव्या आहेत. त्याच्या बायकोला, धाकटीला, वाटत होतं की आपण बाळंतपणासाठी घरी बसलो, सगळा भार जाऊबाईंवर पडला, त्याचाच हा राग. सासूबाईंच्या मते सुनेला सुख टोचायला लागलं होतं. आणि थोरला, ज्याची ती बायको, तो काहीच बोलत नव्हता. तो भट्टीसमोर उभा राहून पाव काढायचा आणि मधूनच एखादा ट्रे करपवायचा. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

थोरली गेली तर बेकरी बंद पडणार, हे कोणी बोललं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. भट्टी कोणीही पेटवेल, गल्ल्यावर कोणीही बसेल, पण पीठ थोरलीच्या हाताचं. खमीर कधी जागं झालं आणि कधी रुसलं, हे तिला वासावरून कळायचं. धाकट्याने एकदा तिच्या गैरहजेरीत हात मारून पाहिला होता; त्या दिवशीचे पाव कुत्र्यांनीही हुंगून सोडले.

म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी शटर खाली ओढून सगळे मागच्या खोलीत, पिठाच्या लांब टेबलाभोवती बसले. चिमणीलाही बोलावलं होतं. चिमणी ही या घरची लेक, दोघा भावांच्या मधली. वय सेहेचाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा, आवाज शाळेच्या घंटेसारखा. पण पाळण्यात चिकटलेलं नाव काही निघत नाही. शिक्षणाने ती फिजिओथेरपिस्ट. बरीच वर्षं दुसऱ्या शहरात काढून वर्षभरापूर्वी ती इथे परत आली होती आणि बसथांब्यासमोर दोन खोल्या घेऊन तिने दवाखाना थाटला होता. घरात आणि गल्लीत तिची ओळख एकच: गुडघ्यांची डॉक्टर.

"वहिनी, आडपडदा नको," धाकट्याने तोंड उघडलं. "वाटण्या हव्यात का? तसं सांगा."

"मला काही नको."

"मग?"

"पाठ दुखते."

"पाठ दुखते म्हणून कोणी धंद्यातून अंग काढतं का?" सासूबाई म्हणाल्या. "माझी पाठ जन्मभर दुखली. मी कधी कोणाला सांगितलं?"

"आई, तू रोज सांगितलंस," चिमणी म्हणाली.

थोरलीची मुलगी खुदकन हसली. ही एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या संघात व्हॉलीबॉल खेळणारी. लहानपणापासून घरभर उड्या मारत फिरायची म्हणून तिला सगळे बेडकी म्हणत. आईने डोळे वटारल्यावर तिने हसू गिळलं.

"जाऊबाई, माझ्यामुळे असेल तर मी सोमवारपासून येते," धाकटी म्हणाली. तिच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ झोपलं होतं. "पण तुम्ही जाऊ नका हो."

"तुझं काही नाही गं यात."

थोरलीला खरं तर ओरडून सांगायचं होतं की मला सोडायची हौस नाही. पहाटे परातीवरचं फडकं उचललं की फुगलेल्या पिठाचा जो वास येतो, त्याच्यासारखं तिला दुसरं काही आवडत नव्हतं. पण सांगणार काय? दुपार झाली की ओटीपोटाखाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं, हे? परात उचलली की कपडे ओले होतात, हे? मागच्या महिन्यात तर दुकान भरलेलं असताना ती मैद्याचं पोतं ओढायला वाकली आणि पायांवरून धार गेली. तिने चपळाईने पाण्याची बादली लवंडली. "अगं बाई, सांडलं की!" असं म्हणत स्वतःच फरशी पुसली, आणि पुसता पुसता ठरवून टाकलं की आता पुरे. लोकांनी लोभी म्हटलेलं परवडलं, वाटण्या मागणारी म्हटलेलंही परवडलं.

"म्हणजे सांगायचंच नाही!" धाकट्याने वैतागून टेबलावर थाप मारली.

मारायला नको होती. सुट्टी असली तरी त्या टेबलाच्या फटीफटींत पीठ भरलेलं असतं. पांढरा ढग उठला आणि बायकांना शिंका आल्या.

आता या घरच्या शिंकेबद्दल सांगितलंच पाहिजे. बेकरीवाल्यांच्या बायका इतरांसारख्या शिंकत नाहीत. शिंक येतेय असं वाटलं की आधी पायात पाय अडकवायचा, मग एका हाताने जवळची कड घट्ट धरायची, मान खाली घालायची, अंग आक्रसून घ्यायचं, आणि मगच शिंकायचं. सासूबाईंनी दोन्ही सुनांना आल्या आल्या जे घरचे रिवाज शिकवले त्यात हाही होता: भट्टीकडे पाठ करायची नाही, गिऱ्हाइकाला शिळं द्यायचं नाही, शिंक आली की पाय जुळवायचे. सुनांना वाटलं, असेल या घरची रीत. बेडकी तर पाहून पाहूनच शिकली. गल्लीतली पोरं त्या शिंकेची नक्कल करत, आणि धाकटा लग्नासमारंभात ती अशी हुबेहूब करून दाखवायचा की लोकांची हसून मुरकुंडी वळायची.

तर सासूबाई, थोरली, धाकटी आणि बेडकी, चौघींनी एकाच क्षणी पायात पाय अडकवला, टेबलाची कड धरली आणि शिंकल्या.

बेडकी आणि धाकटा हसले. चिमणी मात्र हसली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि चौघींकडे आळीपाळीने पाहिलं. ही शिंक ती जन्मापासून पाहत आली होती. बाहेरगावी मैत्रिणींना करूनही दाखवली होती. आणि रोज सकाळ-संध्याकाळ नेमक्या याच दुखण्याच्या बायका तपासणाऱ्या आपल्याला, आपल्याच घरात ती आजवर दिसली कशी नाही, या विचाराने तिचे कान तापले.

"दोघं भाऊ बाहेर अंगणात जा," ती म्हणाली. "बाळालाही न्या."

"का?" थोरल्याने विचारलं. अख्ख्या दुपारीतला त्याचा हा पहिला शब्द.

"वहिनींची पाठ बघायची आहे."

दार लागल्यावर चिमणीने खुर्ची ओढली आणि थोरलीसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"पाठ नाही ना, वहिनी?"

थोरलीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला घेतलं.

"बरं, दुसरं विचारते. मी काम कसलं करते?"

"गुडघ्यांचं," थोरली म्हणाली.

"गुडघ्यांचं," धाकटीने री ओढली.

"गुडघ्यांचंच ना, आत्या?" बेडकी म्हणाली. "आजीने तर सगळ्यांना तसंच सांगितलंय."

सासूबाईंना एकाएकी टेबल पुसायची निकड वाटू लागली.

"आई?"

"अगं, टेबलावर किती पीठ आहे बघ."

"आई, म्हणून माझ्याकडे अख्ख्या गावाचे गुडघे येतात होय! मी वर्षभर डोकं खाजवतेय. रोज सकाळी चार म्हातारे दारात. दिसेल त्याला परत पाठवते आणि म्हणते, या गावात गुडघ्यांची साथ आली की काय!" मग ती सुनांकडे वळली. "अहो, मी बायकांच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बघते. लघवीची पिशवी, गर्भाशय, आतडं, सगळं ज्यांनी खालून झोळीसारखं तोलून धरलेलं असतं ते स्नायू. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी जायच्या वयात सैलावतात, जड उचलून दमतात. मग खोकलं, हसलं, शिंकलं की थेंब जातात. कोणाला जडपणा वाटतो, कोणाला दुखतं. यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. तेच माझं काम. बावीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही."

मग थोरली अगदी हळू म्हणाली, "वन्सं, फुकट वर्ष घालवलं हो मी."

"काय झालं?"

"मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्या दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन गेले. घंटीवर बोट ठेवलं होतं. म्हटलं, गुडघ्याच्या डॉक्टरला हे कुठल्या तोंडाने सांगू? त्यातून नणंद. आणि परत फिरले."

हे ऐकून सासूबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. लेक पहिल्यांदा नोकरीला लागली तेव्हा तिने आईला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आईला कळलंही होतं, फक्त आपल्या शिंकेचा त्याच्याशी काही संबंध असेल हे लक्षात आलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी गल्ल्यावर गिऱ्हाइकाने विचारलं, "लेक कसली डॉक्टर झाली?" दुकानात पाचसहा पुरुष उभे. तो शब्द काही ओठांवर येईना. समोर एक आजोबा काठी टेकत उभे होते, त्यांना पाहून तोंडातून निघून गेलं, "गुडघ्यांची." एकदा सांगितलं ते सांगितलं. पुढे तेच सुनांना, नातीला, शेजारणींना. त्यात वाईट काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि आज ही मोठी सून, जिने त्यांच्या हातातून पिठाची परात घेतली आणि कधी खाली ठेवली नाही, ती लेकीच्या दारातून त्यांच्या एका शब्दापायी परत फिरलेली. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"मला काय माहीत हे दुखणं असतं म्हणून?" त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "धाकट्याच्या वेळेपासून मला हे आहे. मला वाटलं, बाईचं असंच असतं. माझी आई अशीच शिंकायची. मी तुम्हाला रीत म्हणून शिकवली गं. लाज झाकायची एवढंच मला येत होतं, ते शिकवलं."

थोरलीने उठून सासूच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आई, तुम्हालाही?"

"मलाही म्हणजे? तुझ्या आधीपासून!"

"मलाही," धाकटी घाईघाईने म्हणाली, जणू गाडी सुटत होती. "बाळ झाल्यापासून. मी यांना सांगितलं, घरात बसून कंटाळा येत नाही. कंटाळा कसला, जीव जातोय! पण दुकानात सगळ्यांसमोर काही झालं तर?"

सगळ्यांनी बेडकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. मग खांदे उडवले. "उंच उडी मारली की. थोडंसं. संघातल्या तिघींना होतं. आम्ही सामन्याला काळी पँट घालतो."

"अगं भवाने!" थोरली ओरडली. "आईला सांगायचं नाही?"

"तू सांगितलंस का आजीला?"

आधी धाकटी फिसकन हसली, मग बेडकी, मग चष्म्यामागे डोळे पुसत चिमणी. थोरलीने तोंडावर हात ठेवून पाहिला, पण हसू काही आवरेना.

बाहेर अंगणात दोघा भावांनी ते हसणं ऐकलं. धाकट्याच्या खांद्यावर बाळ होतं. थोरला जिन्याच्या पायरीवर बसून नखाने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत होता.

"हसतायत," धाकटा म्हणाला. "दादा, हे काही खरं नाही. ताई फुटली वाटतं वहिनींच्या बाजूला."

"पाठ बघायला गेलीय ती."

"पाठ बघताना कोणी हसतं का?" धाकट्याने बाळाला थोपटलं. "आईचाही आवाज येतोय. म्हणजे तीही गेली. आपण दोघंच उरलो बघ. माझी बायको तरी आपल्यात असेल."

आतून धाकटीचा खिदळण्याचा आवाज आला.

"गेली," धाकटा म्हणाला.

थोरल्याला हसू आलं नाही. "मला वाटण्या-बिटण्यांचं काही नाही रे," तो म्हणाला. "ती माझ्याशी बोलतच नाही. विचारलं तर पाठ. पाठ चोळून देतो म्हटलं तर नको."

आत चिमणीने सगळ्यांना खुर्च्यांवर ताठ बसवलं होतं, पावलं जमिनीला टेकवून.

"आधी एक सांगते. प्रत्येकीची तपासणी मी वेगळी करणार, दवाखान्यात, दार लावून, आणि ती तयार असेल तरच. सगळ्यांना एकच औषध नाही. वहिनींना तो जडपणा आहे, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवू. बेडके, तुझं उलटं असण्याचीच शक्यता जास्त. तू दिवसभर पोट आत ओढून फिरतेस, तुझे स्नायू आवळून आवळून थकलेले असणार. तुला आधी सैल सोडायला शिकवावं लागेल. आज फक्त ओळख करून घेऊ. आपण ज्या स्नायूंवर बसलोय ते नेमके कुठे आहेत, ते तरी कळू दे."

"कसे कळणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, चारचौघांत बसली आहेस आणि वायू सुटायला बघतोय. काय करशील?"

"चिमणे!"

"करून बघ ना. आतून आवळ, वर ओढून घे. श्वास धरू नकोस. मग सोड. पूर्ण सोड."

चौघी कामाला लागल्या. खोलीत परीक्षेच्या वर्गासारखी शांतता पसरली. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले, थोरलीने खुर्चीचे हात धरले, धाकटीच्या भुवया कपाळावर चढल्या.

"भुवया नाहीत हो वहिनी," चिमणी धाकटीला म्हणाली, "खालचं आवळायचंय."

"एकटं खालचं जातच नाहीये, वन्सं. सगळं बरोबर येतंय."

"आई, तू श्वास धरलायस. लाल झालीस."

"सोडला तर वायू जाईल ना!" सासूबाई दात आवळून म्हणाल्या.

मग जे हसू फुटलं, त्यात पायात पाय कोणी अडकवले, कोणी नाही, हे बघायला कोणी शुद्धीवर नव्हतं. हसून हसून थोरली उठली. "आले मी," म्हणत मोरीकडे पळाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती कशासाठी पळाली हे लपवायची तिला गरज वाटली नाही. आतूनही तिचं हसणं ऐकू येत होतं.

परत आली तेव्हा ती गंभीर होती. ती चिमणीसमोर उभी राहिली.

"वन्सं, खरं सांगा. बरं होईल?"

"खोटी आशा नाही दाखवणार. रोज व्यायाम, आणि निदान तीन महिने. बरंच कमी होईल. पूर्ण जाईल की नाही, तपासल्याशिवाय सांगत नाही. जडपणासाठी आतून आधार द्यायला एक कडं बसवता येतं, फार वाटलं तर शस्त्रक्रियाही असते. पण वजन उचलायची तुमची पद्धत आधी बदलायची. मैद्याचं अख्खं पोतं तुम्ही ओढणार नाही. पुरुष आहेत घरात दोन."

"ते जाऊ द्या. मला पहाटे टेबलाशी उभं राहता येईल ना? पिठाला हात लावता येईल?"

"येईल, वहिनी. ते सोडायचं कारणच नाही."

थोरलीचे डोळे भरून आले. इतके दिवस ती मनातल्या मनात पिठाचा निरोप घेत होती, परातीला, त्या फडक्यालासुद्धा, आणि आता कोणीतरी म्हणत होतं की कारणच नाही. तिला इतका आनंद झाला की काय करावं ते सुचेना, म्हणून तिने चिमणीचा चष्मा सरळ केला.

"बाहेर काय सांगायचं?" धाकटीने विचारलं. "पाठ?"

"ते वहिनींनी ठरवायचं," चिमणी म्हणाली.

सासूबाई मध्ये पडल्या. "मी सांगते. घोळ मी घातलाय."

"नाही, आई," थोरली म्हणाली. "माझं मीच सांगते."

ती दार उघडून अंगणात आली. धाकटा बाळाला घेऊन उभाच राहिला.

"झाली पाठ बरी?"

"पाठ दुखतच नव्हती, भाऊजी." तिने एक श्वास घेतला आणि सांगून टाकलं. मोजक्या शब्दांत, पण सगळं: थेंब, ओले कपडे, बादली, दवाखान्याची घंटी. धाकट्याचे कान लाल झाले. त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग चपलांकडे.

"आणि मी लग्नांत ती शिंक करून दाखवायचो," तो पुटपुटला.

"छान करता तुम्ही. पण आता नका करू."

"वहिनी, पोती आजपासून माझ्याकडे. सगळी."

"मग मी बेकरी सोडत नाही," थोरली म्हणाली. "वाटण्याही नकोत. जा, बाळाला भूक लागली असेल."

तो जवळजवळ धावतच आत गेला. अंगणात नवरा-बायको दोघंच उरली. थोरला अजून पायरीवरच बसलेला होता.

"म्हणून तू वरच्या खोलीत झोपायला लागलीस?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. "रात्री सारखं उठावं लागतं. कधी मोरीपर्यंत पोचतही नाही. तुमच्या शेजारून कशी उठणार होते तशी?"

"दीड वर्ष झालं."

"हो."

"दीड वर्ष मी आठवत बसतोय की माझं काय चुकलं. तू बेकरी सोडणार म्हणालीस, तेव्हा वाटलं, आता घरही सोडशील."

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. मग त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिला रडूही येत होतं आणि या माणसाचा रागही, पण सगळ्यात जास्त माया वाटत होती.

"अहो, मग विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "पाठ दुखते म्हणाले असते."

दोघंही हसली. बराच वेळ हसली. आतून सासूबाईंनी "काय झालं रे?" असं ओरडून विचारलं.

"ऐका," थोरली पदराने डोळे पुसत म्हणाली. "वरच्या खोलीतली माझी गादी जड आहे. खाली आणून द्याल?"

"आत्ता?"

"आत्ता."

तो उठला आणि चपला न घालताच जिना चढायला लागला.